माळव्याच्या पायाखालचा लाव्हा

शिखराविना ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर उंच शंकू येतो. इक्वेडोरमधला ५,८९७ मीटर उंचीचा कोटोपाक्सी अगदी तसाच आहे. इंदूरही ज्वालामुखीच्याच दगडावर वसलं आहे, पण इथला लाव्हा शंकूच्या तोंडातून उसळला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, त्यांतून तो बाहेर आला आणि दूरवर पसरला. थरांवर थर चढत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरलेला हाच दख्खनचा बेसाल्ट. सह्याद्री आणि माळव्याचं पठार, दोन्ही त्याचेच.

फरक कशामुळे?

कोटोपाक्सी ज्या पर्वतरांगेत आहे त्या अँडीजखाली समुद्रतळाचा नाझका भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. तिथल्या शिलारसात सिलिका जास्त असते, म्हणून तो चिकट होतो, वायू कोंडतो आणि स्फोट होतात. लाव्हा आणि राख आलटून पालटून साचत शंकू वाढतो. कोलंबियातल्या नेवादो देल रुईझच्या १९८५च्या उद्रेकात वितळलेल्या बर्फाने चिखलाचे लोंढे आले आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. सुमारे २३ हजार माणसं गेली. धोक्याचे नकाशे आधीच तयार होते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आपला लाव्हा पातळ होता. बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याचा उगम खोल प्रावरणातून वर आलेल्या उष्ण प्रवाहात मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला. तो उष्ण स्रोत आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे.

कुठे पाहावा?

महूजवळचा पातालपाणी धबधबा पावसाळ्यात गर्दी खेचतो. पाण्याइतकंच कड्याकडेही पाहावं, हा बेसाल्टच आहे. पण सगळ्यांत देखणी जागा देवास जिल्ह्यात उदयनगरजवळ आहे: कवडिया पहाड. लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे कोनाकोनाचे खांब झाले. त्यांवर दगडाने ठोकलं की धातूसारखा नाद येतो. शाळांच्या सहली इथे आवर्जून न्याव्यात.

माती आणि बोअर

हाच दगड झिजून माळव्याची काळी माती झाली. सोयाबीन तिच्यावरच पिकतं. पाण्याचं गणितही या थरांवरच ठरतं. अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. कुजलेल्या, भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र थरात ते साठतं. म्हणून एका अंगणातला बोअर भरभरून चालतो आणि शेजारचा कोरडा जातो. बोअर घेण्याआधी भूजलतज्ज्ञाला दाखवावं आणि छतावरचं पाणी गाळून जमिनीत मुरवावं.