ज्यांस गरज अधिक, त्यांस वाटा उणा

सरकारी कर्जमाफीची बातमी आली म्हणजे कर्जदार शेतकऱ्याच्या घरी समाधान पसरते, व ते योग्यच आहे. परंतु त्याच गावात एखादा भूमिहीन मजूरही असतो. त्याच्या नावावर ना जमीन, ना बाजारात पत. म्हणून कोणत्याही बँकेने त्यास कर्ज दिलेलेच नसते. त्या माफीतून त्याच्या पदरी काय पडावे? जो सर्वांत गरीब, तोच वगळला जातो. आणि तेही कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर योजनेच्या घडणीमुळे. नेमका हाच प्रकार अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात लहान मुलांच्या बाबतीत घडत आला आहे. त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. कारण मुलांचे दारिद्र्य दैवाने येते की माणसांच्या निर्णयाने, या प्रश्नाचे उत्तर तीत बऱ्याच अंशी सापडते.

अमेरिकेत १९९७ साली झालेल्या कायद्यान्वये मुले असलेल्या कुटुंबांस प्राप्तिकरात सवलत मिळू लागली. १९९८ साली ती दर मुलामागे ४०० डॉलर होती व पुढील वर्षी ५०० डॉलर झाली. भरावयाच्या करातूनच ही रक्कम वजा होत असे. हेतू चांगलाच होता. पण ज्याची कमाई इतकी अल्प की त्यास कर लागतच नाही, त्याने सवलत कशातून घ्यावी? पुढे कायद्यात सुधारणा होऊन सवलतीचा काही भाग अशा कुटुंबांस रोख मिळू लागला. तथापि तो कमाईच्या मापाने.

आजचा हिशेब पाहा. २०२५ सालापासून ही सवलत दर मुलामागे २,२०० डॉलर आहे. समजा, एखादी एकटी माता उपाहारगृहात भांडी घासून दोन मुलांना वाढविते व वर्षाकाठी १२,५०० डॉलर मिळविते. पहिले २,५०० डॉलर हिशेबात धरले जात नाहीत; उरलेल्या १०,००० डॉलरांवर शंभरास पंधरा या दराने तिच्या हाती १,५०० डॉलर येतात. याउलट तीन लाख डॉलर मिळविणाऱ्या दांपत्यास दोन मुलांसाठी पूर्ण ४,४०० डॉलर मिळतात. आणि जी माता आजारपणामुळे वर्षभर काहीच कमवू शकली नाही, तिच्या मुलांच्या वाट्यास शून्य! जिच्या घरी चूल पेटण्याची सर्वाधिक विवंचना, तिलाच सर्वांत कमी.

२०२१ साली मात्र एका वर्षापुरते हे चित्र पालटले. महामारीच्या संकटात त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलर व सहा ते सतरा वर्षांच्या मुलामागे ३,००० डॉलर अशी वाढ केली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कमाईची अट काढून टाकली. तसेच वर्षअखेरची वाट न पाहता निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला देण्याचे ठरले: लहानग्यामागे ३०० डॉलर, मोठ्यामागे २५०. १५ जुलै २०२१ रोजी पहिला हप्ता सुमारे साडेतीन कोटी कुटुंबांस पोचला. घरभाडे, किराणा, मुलांचे कपडे व शाळेचा खर्च यांसाठी तो पैसा मुख्यत्वे वापरला गेला, असे सरकारी पाहणीत आढळले.

परिणाम काय झाला? कर व सरकारी साहाय्य हिशेबात धरून दारिद्र्य मोजण्याची जी पद्धत तेथील जनगणना खाते वापरते, तिच्यानुसार २०२० साली शंभरांतील ९.७ मुले दरिद्री होती. २०२१ साली हे प्रमाण ५.२ वर आले. एकट्या या सवलतीने सुमारे २९ लाख मुले दारिद्र्याबाहेर निघाली. हप्ते डिसेंबरात थांबले, वाढीव सवलतही संपली, आणि २०२२ साली तेच प्रमाण १२.४ वर गेले. महामारीतील इतर साहाय्य बंद होणे व महागाई हीही त्याची कारणे होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु सवलत आखडल्याचा वाटा त्यात मोठा होता.

मग ती चालू का ठेवली नाही? खर्च वर्षाला शंभर अब्ज डॉलरांहून अधिक होता. शिवाय फुकटचा पैसा मिळाल्यास माणसे काम सोडतील, अशी अनेकांस धास्ती वाटत होती. सिनेटमध्ये दोन्ही बाजू ५०-५० अशा समसमान होत्या. पश्चिम व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनी पाठिंबा नाकारला आणि योजना अडली. २०२४ साली पुष्कळ लहान अशा वाढीचे विधेयक प्रतिनिधिगृहाने ३५७ विरुद्ध ७० मतांनी संमत केले. सिनेटमध्ये तेही अडकले.

आळसाची शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. श्रमाची प्रतिष्ठा राखलीच पाहिजे. परंतु त्या सहा महिन्यांचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक संशोधकांना माणसांनी मोठ्या प्रमाणावर काम सोडल्याचे आढळले नाही. योजना कायमची असती तर काय झाले असते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते असू देत. पण तान्ह्या मुलाने तर कोणतेच काम टाळलेले नसते. त्याच्या दुधाचे माप आईच्या कमाईवरून का ठरावे?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली मजुराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकात कुटुंबभत्त्याचा स्पष्ट उल्लेख करून तो खऱ्या गरजेस, म्हणजे पोसावयाच्या माणसांच्या संख्येस, अनुरूप असावा असे सांगितले. अमेरिकेतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनेही ही सवलत सर्वांत गरीब मुलांस पूर्ण मिळावी, असा आग्रह धरला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. २०२१ सालीही काही अत्यंत गरीब कुटुंबे मागे राहिली. कारण ज्यांनी कधी कराचे विवरणपत्र भरले नव्हते, त्यांची नावेच सरकारदप्तरी नव्हती. त्यांच्यासाठी निराळा अर्ज होता. पण तो कोणी तरी भरून द्यावा लागे. दार उघडले तरी उंबरठा उरतोच.

वाचकहो, अमेरिका फार दूर आहे. पण गावाच्या टोकाचे घर दूर नाही. कोणतीही योजना आली म्हणजे ती किती मोठी, हे विचारण्याआधी ती त्या शेवटच्या घरापर्यंत पोचते काय, हे विचारावे. पोचत नसेल, तर ज्यास लिहिता येते त्याने त्या घरच्यांचा अर्ज लिहून द्यावा. एवढे तरी आपल्या हाती आहे.