इतिहास घेऊन पुढे काय?

पालकहो, मुलीने ‘मला इतिहासात बी.ए. करायचंय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मग नोकरी कसली? शिक्षकी आणि स्पर्धा परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण मोडी लिपीचं बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जमिनीच्या जुन्या कागदांसाठी वकीलही असा जाणकार शोधतात. बी.ए. करता करता मोडी शिकता येते, फक्त रोज सराव हवा. उत्खननाची ओढ असेल तर डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हे मुलांना आधीच सांगा.