सेंद्रिय अन्न आणि ज्ञानेंद्रियांची साक्ष

कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. दाण्यावरील वाघासारख्या पट्ट्यांमुळे जाणते गिऱ्हाईक तो पाहताक्षणीच ओळखते. परंतु पीक शेणखतावर वाढले की युरियावर, हे पट्टे सांगत नाहीत. वस्तू वापरल्यानंतरही जे गुण ग्राहकास पडताळून पाहता येत नाहीत, त्यांना डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये विश्वासावलंबी गुण मानले. सेंद्रियत्वाची गणना त्यांतच करावी लागते. तरीही निवडीच्या वेळी ग्राहक डोळा, नाक व जीभ यांनाच साक्षीस बोलावतो. ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचे उत्तर घेवड्यापेक्षा याच भागातील गुळात अधिक स्पष्टपणे सापडते.

कऱ्हाड-कोल्हापूरकडील गुऱ्हाळांत काहिलीतील रसाची मळी काढण्यास भेंडीचा चीक वापरण्याची जुनी रीत आहे. एवढ्यावर तयार झालेला गूळ बहुधा तांबूस-तपकिरी असतो. बाजारात मात्र पिवळ्याधमक ढेपेस शुद्ध समजण्याची सवय रूढ झाली, सौद्यात रंगावर भाव ठरू लागला, आणि रसात ‘हायड्रॉस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडू लागले. हे द्रव्य रंगद्रव्यांचे क्षपण करून गुळास उजळपणा आणते. साठवणीत हवा लागली की तो ओसरतो. डोळ्याने ज्यास शुद्धतेचे लक्षण मानले, ती पुष्कळदा रसायनाचीच करणी होती!

आता शहरी ग्राहकांत काळसर गुळाची आवड वाढत आहे. हीदेखील निर्दोष कसोटी आहे असे मानणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते. पाक अधिक तापला किंवा रस निकृष्ट असला, तरीही गूळ काळवंडतो. शिवाय रसायनविरहित गूळ व सेंद्रिय गूळ या भिन्न गोष्टी होत. पहिल्याचा संबंध केवळ काहिलीशी. दुसऱ्याचा उसाच्या फडाशीही आहे. युरियावर पोसलेल्या उसाचा गूळ हायड्रॉसवाचून केला, तरी तो सेंद्रिय ठरत नाही.

जीभ थोडे अधिक जाणते. खारवट जमिनीतील उसाचा गूळ खारट लागतो, हे मुरलेला गुळव्या चाखूनच सांगतो. पण ती साक्ष जमिनीतील क्षारांविषयी झाली; खतांविषयी तीवरून काहीच निष्पन्न होत नाही.

यास्तव पसंतीचे संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी एकाच ढेपेचा गूळ एकदा ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावून व एकदा चिठ्ठीविना चाखण्यास द्यावा. मिळालेल्या गुणांतील तफावत चिठ्ठीच्या खाती मांडावी लागेल. पुढे पिवळा व काळसर गूळ प्रथम मंद तांबड्या प्रकाशात, रंगभेद दिसणार नाही अशा रीतीने, आणि नंतर दिवसाउजेडी चाखावयास दिल्यास डोळ्याचा वाटाही वेगळा काढता येईल.