गावच्या नावेला बळ द्या, वजन नको

कृष्णा-वारणेकाठच्या गावकऱ्यांनो, पावसाळ्याआधी एक काम करा. घाटावर किंवा चावडीमागे पालथी पडलेली गावची लाकडी नाव एकदा उताणी करून बघा. २००५ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले आहेत. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसे काढावी लागली, तेही पाहिले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढताना नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. नाव लागते तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे काय? गळाली की डांबर ओता, फळी कुजली की तिच्यावर दुसरी ठोका, नाहीतर सरळ पत्रा मारा. नाव भक्कम दिसते खरी, पण जड होते. पंधरा फूट लांब, चार फूट रुंद नाव धरा. साधारण ४० किलो वजन वाढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरतो. सहा चौरस मीटर तळाला मारला तर पन्नास किलोच्या घरात गेला. म्हणजे एक माणूस नावेत कायमचा बसवून ठेवल्यासारखे झाले, आणि तो वल्हेही मारत नाही! शिवाय पत्र्यामागे पाणी अडते आणि आतल्या आत लाकूड कुजते.

म्हणून आधी वजन उतरवा. डांबराचे जुने थर खरवडून काढा, तळातला गाळ धुऊन टाका. मग नाव दोन ओंडक्यांवर सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. उन्हात टाकू नका, फळ्या तडकतात. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळणे तर त्याहून वाईट.

आता दाभण घेऊन फळी न् फळी टोचून बघा. दाभण सहज आत गेले तर तेवढा भाग कुजला समजा. तो पूर्ण कापून काढा आणि तेवढ्याच जाडीचा, शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवा. सांधा सरळ काटकोनात नको. दोन्ही टोके तिरकी तासा, उतार जाडीच्या निदान आठपट ठेवा. दोन सेंटिमीटरच्या फळीला सोळा सेंटिमीटर. असा सांधा वरून पट्टी न ठोकताही ताकद धरतो.

बरगडी तडकली असेल तर काय करावे? इथे आपल्या घराचे आढे-वासे आठवा. वासा आडवा न टाकता उभा का लावतात? उंची दुप्पट केली तर लाकूड आठपट कमी वाकते. रुंदी दुप्पट केली तर निम्मेच. तेव्हा तडकलेल्या बरगडीशेजारी जाड ओंडका बसवू नका. पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेली अरुंद पण उंच जोडबरगडी बसवा. वरच्या काठाला आतून एक पातळ पट्टी आणि बसायच्या फळ्यांच्या टोकांना लाकडी कोनाडे दिले, की नाव पिळवटत नाही. एवढ्याचे वजन अगदी थोडे.

खिळे तांब्याचे, मागे चकती घालून ठोकलेले उत्तम. ते परवडत नसतील तर जस्ताचा मुलामा दिलेले चालतील, पण दोन्हींची सरमिसळ नको; लोखंड लवकर खाल्ले जाते. फटींत तेलात भिजवलेले सूत भरा. फार ठासू नका, फळ्या पाण्याने फुगतात तेव्हा फटी आपोआप आवळतात.

काचधाग्याचा लेप देण्याची हल्ली टूम आहे. सुतावर बांधलेल्या जुन्या नावेला तो देऊ नये असे आमचे मत. फळ्या फुगतात, आकसतात आणि लेप सुटतो. ओल्या लाकडावर तर मुळीच नको.

आता सरपंच व ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांसाठी. दुरुस्तीआधी आणि नंतर नाव ट्रॉलीत घालून उसाच्या काट्यावर न्या, रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करा आणि दोन्ही आकडे दप्तरी नोंदवा. सुताराला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो लाकूड बेताने लावील. बसायच्या फळ्यांखाली झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन बांधा. २० लिटरचा एक कॅन १८-१९ किलो भार तोलून धरतो. मग काठाजवळच्या उथळ पाण्यात वाळूची पोती घालून चाचणी घ्या. नावाड्याला जिथे धास्ती वाटेल, त्याच्या बऱ्याच आधी थांबा. तिथे बाहेरून तांबडी रेघ मारा आणि शेजारी माणसांची संख्या रंगवा.