इंटरनेट-स्थगिती
इंटरनेट-स्थगिती : सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणास्तव एखाद्या क्षेत्रातील इंटरनेट सेवा शासकीय आदेशाने काही काळ बंद ठेवण्याची कृती. राज्यात हा आदेश सामान्यतः गृहसचिव काढतात. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत तो दूरसंचार कंपन्यांना कळविला जातो व त्या क्षेत्रातील मनोऱ्यांवरील डेटासेवा थांबविली जाते. दूरध्वनी-संभाषण पुष्कळदा चालू राहते.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव व बीड येथे जाळपोळ झाली, लोकप्रतिनिधींची घरे पेटविण्यात आली. त्यानंतर संचारबंदी लागू होऊन बीडमधील इंटरनेट सेवा स्थगित झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत पुन्हा तसेच घडले. अफवा व प्रक्षोभक चित्रफिती रोखणे हा अशा आदेशांचा हेतू असतो, आणि जळत्या शहरात तो अनाठायी म्हणता येत नाही. तथापि बंदी अफवा आणि व्यवहार यांत भेद करीत नाही. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. गाळप हंगामाच्या तोंडाशी मजूर प. महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गावी राहिलेल्या वृद्धांना व मुलांना पैसे बऱ्याचदा भ्रमणध्वनीवरूनच पाठवितात. स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा लावून होणारी आधार-पडताळणीही जोडणीवाचून अडते. ज्याच्या घरी रोकड व धान्याचा साठा असतो, त्याला ही बंदी तितकीशी जाणवत नाही.

ईजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या उठावात जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट बंद झाले होते. कॅमेरूनच्या दोन इंग्रजी भाषिक प्रांतांत २०१७ मध्ये ते ९३ दिवस बंद राहिले. बुएया येथील संगणक-व्यावसायिकांना कामासाठी फ्रेंच भाषिक प्रदेशाची वाट धरावी लागे. आफ्रिकेतील न्यायालयांनी मात्र या प्रश्नी महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. आदेश देणाऱ्या मंत्र्याला तसा अधिकारच नव्हता, असे झिंबाब्वेच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठरविले. टोगोतील २०१७ ची बंदी पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाच्या न्यायालयाने जून २०२० मध्ये बेकायदा ठरविली.

भारतात पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा आधार घेतला जाई. १८८५ च्या तार अधिनियमाखाली २०१७ मध्ये स्वतंत्र नियम झाले. अनुराधा भसीन खटल्यात (१० जानेवारी २०२०) सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारा होणारी अभिव्यक्ती व व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. बेमुदत बंदी अमान्य करून आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरविले. हे शेवटचे बंधन विशेष मोलाचे; कारण जो आदेश नागरिकाने पाहिलाच नाही, त्याला तो आव्हान देणार कसे ? त्याच वर्षी एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस करण्यात आली. दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. आदेशाचे पुनर्विलोकन करणाऱ्या राज्य समितीत मुख्य सचिव, विधी सचिव व गृहखात्याखेरीज अन्य एक सचिव असतात. म्हणजे शासनाच्या आदेशाची तपासणी शासनाचेच अधिकारी करतात. देशातील अशा आदेशांची नोंद केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही, याकडे संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष वेधले होते. पुनर्विलोकन समितीत निवृत्त न्यायाधीशांसारख्या बाहेरच्या व्यक्ती घ्याव्यात, अशीही तिची शिफारस होती. २०२४ च्या नियमांत ती स्वीकारलेली नाही.