सागरेश्वर : माणसांनी उभं केलेलं जंगल

सातारा-सांगलीत जंगल बघायचं म्हटलं की सगळे कोयना नाहीतर चांदोलीकडे वळतात. माझं मत विचाराल तर आधी देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर गाठा. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं बोडक्या डोंगरावर झाडं लागली, मग सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. ‘कुंपणातलं जंगल, वाघ नाही,’ म्हणून नाक मुरडणारे भेटतातच. खरंय, पण उजाड डोंगर माणसांच्या हातून पुन्हा हिरवा कसा होतो, हे चांदोलीत थोडंच दिसणार? इथली पायवाट चढा: जवळ काटेरी झुडपांत चितळांचे ठिपके, खाली कृष्णाकाठचा ऊस. हरणं शेतात घुसतात, ही शेतकऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. उन्हाळ्यात सकाळीच जा, पाणी सोबत ठेवा आणि जुनी शिवमंदिरं चुकवू नका.