एकतीस फोटो आणि चारशे पानं

फोटोग्राफरला मुळात लेखक व्हायचं होतं आणि लेखकाला कॅमेऱ्याचा हेवा वाटायचा. ही अजब जोडी १९३६च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, हेल काउंटीतल्या कापूसपट्ट्यात पोहोचली. वॉकर एव्हन्स आणि जेम्स एजी. ‘फॉर्च्युन’ मासिकाला वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांवर लेख हवा होता. एजी मासिकाचा नोकर. एव्हन्स सरकारी खात्यातला, मासिकाने उसना मागून घेतलेला.

एव्हन्सचा कॅमेरा तिकाटण्यावर उभा राहणारा. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या दुधी काचेत बघायचं. तिथे सगळं जग उलटं: छप्पर खाली, जमीन वर! फोकस जुळला की ८ बाय १० इंचांची फिल्म सरकवायची, एका वेळी एकच. फिल्मच वहीच्या पानाएवढी, म्हणून भिंतीच्या फळ्यांची रेघ न रेघ तिच्यात उतरते. एका फोटोत तोंड धुवायची जागा आहे. फळीवर भांडं, भिंतीला लोंबणारा टॉवेल, उघड्या दारातून दिसणारा आतल्या टेबलावरचा रॉकेलचा दिवा. माणूस एकही नाही, तरी कोणाचं तरी नुकतंच तोंड धुऊन झालंय असं वाटतं.

एजी एका कुटुंबाच्या घरीच मुक्कामाला राहिला. घराचा वास, अंथरुणातले ढेकूण, शेतकऱ्याची निळी ओव्हरऑल ऊन-घाम-धुण्याने कशी विटत जाते, यावर तो पानंच्या पानं लिहितो. खरं सांगायचं तर कधी कधी दमवतो. आणि एवढं लिहून म्हणतो काय, तर शक्य असतं तर मी लिहिलंच नसतं. फोटो, कापडाचे तुकडे आणि मातीची ढेकळंच वाचकापुढे ठेवली असती!

मासिकाने लेख छापला नाही. १९४१मध्ये ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक आलं. उघडल्याबरोबर ३१ फोटो, खाली एक ओळही नाही. पुस्तकाचं नावसुद्धा त्यानंतर. मग चारशेहून जास्त पानं मजकूर. दोघांनीही एकमेकांच्या कामाला ठिगळ लावलं नाही, हेच मला या पुस्तकातलं सगळ्यात धाडसी वाटतं. एजीने मजकुरात त्या माणसांची नावं बदलली. चेहरे कसे बदलणार?

प्रती खपल्या जेमतेम सहाशे. १९५५मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत हृदयविकाराने एजी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. १९५८मध्ये त्याच्या कादंबरीला पुलित्झर मिळालं. १९६०मध्ये हे पुस्तक पुन्हा निघालं तेव्हा फोटो दुप्पट, ६२ झाले होते, आणि या वेळी मात्र वाचकांनी ते उचलून धरलं.

एव्हन्स तेव्हा सरकारी नोकर होता, म्हणून त्या दौऱ्यातल्या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर ते फोटो कुणालाही फुकट बघता येतात. बघाच. आधी फोटो, मग एजी. त्यांनी लावलेला क्रम तोच होता.